डोंगराचं गॅलिक नाव नकाशावर येताना

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागातल्या, एखाद्या डोंगराचं नाव आपण नकाशावर वाचतो, माहितीपुस्तकात त्याचा अर्थ शोधतो आणि जुळलं असं मानतो. पण डोंगराला हाक मारणारे गुराखी, ते नाव कागदावर उतरवणारा सर्वेक्षक आणि अर्थ सांगणारा माणूस हे बहुतेक वेळा तीन वेगळे लोक असतात. पहिल्याला लिहिता येत नसे, दुसऱ्याला भाषा येत नसे, आणि तिसऱ्याने पुष्कळदा तो डोंगर पाहिलेला नसे. नकाशावरचं नाव या तिघांच्या तडजोडीतून तयार झालेलं आहे, हे धरून चाललं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आधी उच्चाराबद्दल दोन शब्द. हायलँड्समधल्या लोकांच्या जुन्या भाषेला स्कॉटलंडमध्ये ‘गॅलिक’ म्हणतात. तिची वर्णमाला 18 अक्षरांची. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही अक्षरं तिच्यात नाहीत. त्यामुळे नावात व्ही किंवा वाय दिसला की ते स्पेलिंग इंग्रजी वळणाचं आहे, हे लगेच कळतं. मराठी वाचकाने आणखी एक काळजी घ्यायची. रोमन लिपीतलं बी-एच आपण सवयीने ‘भ’ वाचतो, टी-एच ‘थ’ आणि डी-एच ‘ध’. गॅलिकमध्ये बी-एच आणि एम-एच हे दोन्ही ‘व’ होतात किंवा शब्दाच्या शेवटी विरून जातात, टी-एच हा ‘ह’ होतो, आणि एफ-एच तर जवळपास नेहमीच मूक असतो. काळा या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी बी-एच येतो, पण बोलताना तो नुसता ‘दू’ असतो. या लेखात नावं शक्य तितकी उच्चाराजवळ लिहिली आहेत.

नावं कोणी टिपली

1746 च्या कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड मोडल्यानंतर सरकारला हायलँड्स ताब्यात ठेवायचे होते, आणि त्यासाठी नकाशा हवा होता. विल्यम रॉय याच्या लष्करी सर्वेक्षणाने 1747 ते 1755 या काळात स्कॉटलंडची मुख्यभूमी कागदावर आणली. तिथे गॅलिक नावं कानाला जशी ऐकू आली तशी, इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीने लिहिली आहेत. दिसायला ती ओबडधोबड आहेत. पण आज अभ्यासकाला तीच सोन्यासारखी वाटतात, कारण लिहिणाऱ्याने ‘दुरुस्ती’ करण्याइतकी भाषा शिकलेलीच नव्हती. त्याने फक्त आवाज टिपला.

पद्धतशीर काम केलं ते ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेने. या संस्थेची सुरुवात 1791 ची. 1824 पासून तिने थॉमस कोल्बीच्या नेतृत्वाखाली आयर्लंडचं मैलाला सहा इंच या प्रमाणात, म्हणजे 1:10,560 ने, सर्वेक्षण सुरू केलं. नावं गोळा करण्याची शिस्त तिथे घडली. आयरिश भाषेचा जाणकार जॉन ओ’डोनोव्हन याला 1830 मध्ये नोकरीवर घेतलं आणि जुनी हस्तलिखितं व स्थानिक उच्चार ताडून नावं ठरवण्याचं काम त्याच्याकडे दिलं. स्कॉटलंडचं सहा इंची सर्वेक्षण 1843 मध्ये दक्षिणेच्या विगटाउनशायरमधून सुरू झालं, आणि पहिली आवृत्ती 1882 पर्यंत पुरी झाली. लागवडीच्या जमिनींचा नकाशा पुढे मैलाला 25 इंचांनी काढला. डोंगराळ, पडीक भाग सहा इंचांवरच राहिला. म्हणून डोंगरनावांसाठी सगळ्यात मोठ्या प्रमाणाचा मूळ कागद म्हणजे सहा इंची पत्रक. ओ’डोनोव्हनसारखा भाषेचा पगारी तज्ज्ञ मात्र हायलँड्सच्या वाट्याला तशा रीतीने आला नाही, आणि हा फरक नकाशांवर दिसतो.

नेम बुकचे पाच रकाने

आधी त्रिकोणमितीने आणि साखळीने मोजणी होई. मग रेखाटलेल्या भागाची ट्रेस, म्हणजे पारदर्शक कागदावरची नक्कल, घेऊन एक तपासनीस जागेवर जाई. तो बहुधा रॉयल इंजिनिअर्स या लष्करी अभियंता दलाचा सॅपर, म्हणजे साधा सैनिक, किंवा मुलकी सहायक असे. ओढा, खिंड, टेकडी, मेंढवाडा, जे काही नाव असलेलं दिसेल ते तो विचारून टिपी. ही टिपणं परगण्यानुसार, पॅरिशवार (एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे), नेम बुकमध्ये, म्हणजे नावांच्या वह्यांमध्ये, उतरत.

नेम बुकच्या पानावर पाच रकाने असतात. पहिल्यात नकाशावर जाणारं नाव. दुसऱ्यात त्याच नावाची मिळालेली वेगवेगळी स्पेलिंगं. तिसऱ्यात त्या प्रत्येक स्पेलिंगचा आधार: सांगणाऱ्या माणसाचं नाव किंवा जुना नकाशा, दस्तऐवज. चौथ्यात जागा, म्हणजे पत्रकाचा आणि ट्रेसचा क्रमांक. पाचव्यात वर्णन: किती मोठी टेकडी, कशी दिसते, कोणाच्या मालकीची, आणि हायलँड्सच्या वह्यांमध्ये बहुतेक वेळा ‘अर्थ अमुक’ अशी ओळ. एका नावाला शक्यतो तीन आधार हवेत, असा दंडक होता.

सगळी गोम तिसऱ्या रकान्यात आहे. आधार कोणाचा चालेल याची उतरंड ठरलेली होती. जमीनमालक, इस्टेटीचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर, पोस्टमास्तर हे वर. क्षेत्र-तपासनिसांसाठीच्या 1905 च्या सूचनांत तर स्पष्टच म्हटलं आहे, की लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारे लोक स्वतःच्या राहत्या जागेच्या नावाबाबतही भरवशाचे नाहीत, विशेषतः स्पेलिंगच्या बाबतीत. स्पेलिंगपुरतं पाहिलं तर यात तथ्य आहे. पण कोणत्या उताराला काय म्हणतात हे मेंढपाळाला आणि हरणांच्या मागे डोंगर तुडवणाऱ्या शिकाऱ्याला जितकं माहीत असतं, तितकं मालकाला असत नाही. त्यात भर म्हणजे हायलँड्सच्या पुष्कळ खोऱ्यांतून सर्वेक्षक येण्याच्या आधीच्या पन्नास-साठ वर्षांत लोकांना हुसकावून मेंढ्यांची कुरणं केली गेली होती. सदरलंडमधलं स्ट्रॅथनेव्हर खोरं 1814 आणि 1819 मध्ये रिकामं केलं गेलं. सहा इंची सर्वेक्षण तिथे त्यानंतर अर्ध्या शतकाने पोचलं. दक्षिणेतून आणलेल्या मेंढपाळाला विचारून त्या डोंगराचं जुनं नाव काय मिळणार?

चांगले अपवादही होते. पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या हेब्रिडीज बेटांमधल्या प्रार्थना आणि गाणी जमवणारा, एक्साइज खात्यात नोकरी करणारा अलेक्झांडर कारमायकल याने 1870 च्या दशकात बाह्य हेब्रिडीजमधली नावं तपासून देण्यात सर्व्हेला मदत केली.

शब्द सुरुवातीला बदलतो

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाची शेपटी बदलते: घोडा, घोड्याचा. गॅलिकमध्ये शेपटीबरोबर डोकंही बदलतं. ‘मोर’ म्हणजे मोठा. पण ‘बेइन’ (डोंगर) हा स्त्रीलिंगी शब्द पुढे आला की ते ‘बेइन वोर’ होतं. ‘बान’ म्हणजे पांढुरका. पुल्लिंगी ‘कार्न’बरोबर ‘कार्न बान’, स्त्रीलिंगी बेइनबरोबर ‘बेइन वान’. षष्ठीतही असंच होतं. स्काय बेटावरचं ‘स्गूर हिआर्लिख’ हे टेआर्लाख, म्हणजे चार्ल्स, या नावाचं शिखर. ‘ट’चा ‘ह’ झाला आणि शेवटही मऊ झाला.

भाषा न जाणणाऱ्या सर्वेक्षकापुढे यातून दोन अडचणी येतात. एक, ऐकलेला ‘व’ मूळ ‘ब’चा की ‘म’चा, हे कानावरून कळत नाही. आरोकारजवळच्या बेन व्हेन या 915 मीटरच्या डोंगराचं मूळ ‘बान’ (पांढुरका) की ‘मेअन’ (मधला), हे नकाशावरच्या इंग्रजी स्पेलिंगवरून ठरत नाही. दोन, व्याकरणाचा नियम आणि बोलण्याची रीत प्रत्येक वेळी जुळत नाहीत. नियमाने तांबड्या डोंगराला ‘बेइन येरग’सारखं काहीतरी म्हणायला हवं. (तांबडा म्हणजे ‘जेरग’; लिहिताना हा शब्द ‘द’च्या अक्षराने, डीने, सुरू होतो.) पण ‘न’ला लागून हा ‘द’ आला की जीभ तो बदल टाळते, म्हणून नकाशावर ठिकठिकाणी ‘बेइन जेरग’ असंच सापडतं. हे चूक समजून सुधारणारा संपादक खऱ्या बोलीवर बोळा फिरवतो.

त्यातच सर्व्हेचं धोरण असं, की प्रसिद्ध नावं इंग्रजी वळणातच ठेवायची आणि बाकीची गॅलिक स्पेलिंगमध्ये द्यायची. म्हणून मल बेटावरचा 966 मीटरचा डोंगर ‘बेन मोर’, क्रिअनलॅरिकजवळचा 1174 मीटरचाही ‘बेन मोर’, आणि साउथ युइस्टमधला मात्र ‘बेइन वोर’. तिन्हींचा अर्थ एकच: मोठा डोंगर. पिटलॉक्रीच्या डोक्यावरचा बेन व्रॅकी हाही ‘ब्रेख्क’ म्हणजे कबरा या शब्दापासून आलेला, इंग्रजी वेषातला बेइन.

आकार आणि रंग

डोंगरनावातला पहिला शब्द सहसा आकार सांगतो, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे शब्द परके वाटायचं कारण नाही. ‘स्गूर’ म्हणजे खडकाळ, टोकदार शिखर; हे पश्चिमेकडे दाट. ‘म्यॉल’ म्हणजे गोल, बोडका, अंगाने भरलेला डोंगर. ‘कार्न’ दगडांच्या राशीसारखा, पूर्वेकडे जास्त. ‘ड्रुइम’ म्हणजे पाठ: लांब धार. ‘स्ट्रोन’ म्हणजे नाक, आपण ज्याला डोंगराची सोंड म्हणू. ‘कोरी’ हा शब्द हंडीचा; डोंगराच्या कुशीतला, हिमनदीने कोरलेला वाडग्यासारखा खळगा. ‘ब्यालाख’ म्हणजे खिंड. ‘बुआखिल’ म्हणजे गुराखी: ग्लेन एटिव्हच्या तोंडाशी उभा असलेला बुआखिल एटिव्ह मोर हा त्या खोऱ्याचा थोरला गुराखी.

रंगांत जास्त फसगत होते. ‘गोरम’ला शब्दकोश निळा म्हणतो, पण हिरव्यागार गवतालाही तोच शब्द चालतो. ‘ग्लास’ करडा-हिरवा, ‘लिअ’ करडा, ‘ओअर’ मळकट पिवळसर, ‘रुअघ’ तांबूस-तपकिरी, ‘रिअवाख’ पट्ट्यापट्ट्यांचा. रंगाच्या दुकानातल्या पत्रकापेक्षा हे शब्द गुरांच्या रंगांजवळचे आहेत. कबरा, बांडा, ढवळा म्हणणाऱ्याला ते चटकन उमगतात. केर्नगॉर्म्स ही सबंध रांग आज एका डोंगराच्या नावाने ओळखली जाते. तो 1245 मीटरचा ‘कार्न गोरम’, म्हणजे निळसर-हिरवा डोंगर. पण त्या रांगेचं गॅलिक नाव ‘अम मोनघ रुअघ’, तांबूस डोंगर, कारण तिथला ग्रॅनाइट गुलाबीसर आहे. स्पे नदीच्या पलीकडची रांग ‘अम मोनघ लिअ’, करडे डोंगर. दोन नावं एकमेकांकडे बघून ठेवलेली आहेत, आणि केर्नगॉर्म्स या नावाने ती जोडी मोडली.

बिघाड कुठे होतो

सगळ्यात धोक्याची चूक शुद्ध दिसणारी असते. किंटेलमधलं 1067 मीटरचं शिखर नकाशावर ‘स्गूर उअरन’ आहे, तेही लिहिताना एफ-एच लावून. ‘फुअरन’ म्हणजे झरा, म्हणून अर्थ सांगितला जातो झऱ्यांचं शिखर. स्थानिक उच्चार मात्र ‘स्गूर ऊरन’ असा होता, आणि जुनी इंग्रजी स्पेलिंगंही त्याच्याच बाजूची आहेत. एफ-एच मूक असल्याने ‘ऊरन’ ऐकणाऱ्याला आत एक हरवलेला ‘फ’ असावा असं वाटणं सोपं होतं. तो बसवला, व्याकरणात बसला, अर्थही छान निघाला, आणि एक नवाच शब्द नकाशावर स्थिर झाला. वेडंवाकडं स्पेलिंग पाहून वाचणारा सावध होतो. असं नीटनेटकं स्पेलिंग पाहून कोणी शंकाच घेत नाही.

दुसरा बिघाड म्हणजे नाव जागेवरून सरकणं. गुरं-मेंढ्या राखणाऱ्यांना टोकाशी फारसं काम नसे. त्यांना कुरण, खळगा, ओढा, उतार यांची नावं लागत. शिखराला वेगळं नाव हवं, ही गरज नकाशाची आणि पुढे गिर्यारोहकांची. बॅल्मोरलजवळच्या ‘लॉखनगार’ या नावाच्या सुरुवातीलाच ‘लॉख’ म्हणजे तळं आहे: ते खालच्या तळ्याचं नाव, डोंगरावर चढलं. डोंगराचं जुनं नाव ‘बेइन नान कीअखन’, स्तनांचा डोंगर. सहा इंची पत्रकावर नावाची अक्षरं उतारभर पसरून लिहिलेली असतात, म्हणजे ते नाव किती भागाला लागू आहे हे कळतं. मैलाला एक इंचाच्या नकाशावर तेवढी जागा नसते. काही नावं गळतात, उरलेली आकसून भलत्याच टेकाडापाशी बसतात. 1891 मध्ये ह्यू मन्रोने 3000 फुटांवरच्या शिखरांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून यादीतलं नाव हेच शिखराचं नाव, असं पक्कं होत गेलं.

तिसरा प्रकार सभ्यतेचा. केर्नगॉर्म्समधल्या 1004 मीटरच्या ‘डेव्हिल्स पॉइंट’चं गॅलिक नाव ‘बोट अन जोअन’. इंग्रजीत ते सैतानाचं टोक झालं आहे; गॅलिकमध्ये शब्द टोकाचा नसून सैतानाच्या लिंगाचा आहे.

चौथा: भाषाच वेगळी असणं. बाह्य हेब्रिडीज आणि रम बेटावर ‘-वल’ने संपणारी डोंगरनावं पुष्कळ आहेत: रोनवल, ट्रोलवल. गॅलिक शब्दकोशात ‘वल’ शोधून काही मिळत नाही, कारण तो नॉर्स भाषेतला ‘फ्याल’, डोंगर. व्हायकिंग वसाहतींनी ठेवलेली नावं गॅलिक तोंडात शतकानुशतकं घासली गेली. साउथ युइस्टचा ‘हेक्ला’ तर आइसलँडच्या ज्वालामुखीचा नावभाऊ. अशा डोंगराच्या नेम बुकमध्ये पाचव्या रकान्यात ओढूनताणून दिलेला गॅलिक अर्थ सापडला, तर तो त्या काळच्या सांगणाऱ्याचा अंदाज समजावा.

आणि काही नावं जुनी नाहीतच. स्कायच्या कूलिन रांगेतल्या शिखरांची नावं पहिल्या सर्वेक्षणात अपुरी होती. ती पुढे चढाई करणाऱ्यांनी भरली. 992 मीटरचं स्गूर आलस्तर हे अलेक्झांडर निकोल्सनच्या 1873 च्या चढाईवरून, वर आलेलं स्गूर हिआर्लिख चार्ल्स पिल्किंग्टनवरून, आणि ‘स्गूर विख्क खोन्यिख’ वाटाड्या जॉन मॅकेन्झीवरून. गॅलिक व्याकरण चोख आहे, नाव व्हिक्टोरियन काळातलं.

एखादं नाव तपासायचं तर

शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी सहा इंची पहिली आवृत्ती काढायची; स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहे. अक्षरं कुठून कुठे पसरली आहेत ते बघायचं. मग त्या पॅरिशच्या नेम बुकचं पान. पहिला रकाना वाचून थांबायचं नाही. दुसऱ्यातली नाकारलेली स्पेलिंगं आणि खोडलेल्या ओळी जास्त बोलतात. तिसऱ्यात तीनही नावं इस्टेटीच्या कचेरीतली असतील, तर तो एकच आधार धरावा.

त्यानंतर मागे जायचं: रॉयचा नकाशा, त्याआधी डच नकाशाकार ब्लाऊचा 1654 चा ॲटलास, जमल्यास इस्टेटीचे जुने आराखडे. इथे कच्ची, उच्चारावर बेतलेली रूपं हवीत. पुढचा टप्पा कानाचा. एडिनबरात 1951 मध्ये स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने स्थानिक गॅलिक भाषकांची ध्वनिमुद्रणं केली आहेत. ऐकताना आघात कुठे पडतो ते टिपायचं. गॅलिकच्या जोडनावात जोर सहसा शेवटच्या, म्हणजे वेगळेपण सांगणाऱ्या शब्दावर असतो. ‘बेइन वोर’मध्ये तो ‘वोर’वर. त्यावरून नाव कुठे तोडायचं हे कळतं.

मग शेजार बघायचा. शीहॅलियन या 1083 मीटरच्या डोंगराचा अर्थ ‘कॅलिडोनियन लोकांची परीटेकडी’ असा लावतात, आणि त्याला बळ मिळतं ते त्याच पर्थशायरमधल्या डंकेल्डमुळे: त्याच्या ‘दून खालन’ या गॅलिक नावात तोच दुसरा शब्द आहे, कॅलिडोनियनांचा गड. (1774 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइनने पृथ्वीची घनता काढायला हाच डोंगर निवडला, आणि त्याच्या मोजणीचं गणित करताना गणितज्ञ चार्ल्स हटनने समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वापरल्या. नकाशाशी या डोंगराचं नातं दुहेरी आहे.) शेजारच्या खळग्याचं, ओढ्याचं नाव डोंगराच्या नावाशी जुळत असेल, तर मूळ नाव खालचं असण्याची शक्यता आधी तपासावी.

शेवटी डोंगर स्वतः. रंगाचं नाव असेल तर कोणत्या ऋतूत, कोणत्या बाजूने तो रंग दिसतो? नाव ठेवणारे दरीत राहत होते, म्हणून पाहायचं ते जुन्या वस्तीच्या जागेवरून. उन्हाळी गुराखी-वस्तीला ‘आरी’ म्हणतात. तिच्या पडक्या भिंती पुष्कळ ठिकाणी अजून दिसतात.

एवढं झाल्यावर अर्थ नोंदवताना तो एकटा लिहू नये. नकाशावरचं रूप, सर्वांत जुनं लेखी रूप व त्याचं वर्ष, ऐकलेला उच्चार, सांगणारा कुठला, आणि मग अर्थ, तोही ‘निश्चित’, ‘संभाव्य’ की ‘निव्वळ पारंपरिक’ हे लिहून. गॅलिक रूपांबाबत सल्ला देण्याचं काम आता आन्मेन आचे न हालपा ही संस्था करते. तिची सुरुवात 2000 मध्ये एका समन्वय समितीच्या रूपात झाली आणि 2006 पासून तिला सध्याचं नाव आहे. नवं प्रमाणित रूप ठरलं तरी नकाशावरचं जुनं स्पेलिंग एका दिवसात पुसून चालत नाही. बचाव पथकं आणि चढाईची पुस्तकं तेच स्पेलिंग वापरतात, आणि धुक्यात अडकलेला माणूस फोनवर तेच वाचून दाखवतो. म्हणून नोंदीत दोन्ही रूपं शेजारी ठेवावीत आणि जुन्या रूपापुढे ते कोणत्या पत्रकावर छापलं होतं, ते लिहावं.